अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन पहिल्यांदाच खोलताय? आधी हा क्रम नीट बघून घ्या

गेल्या दोन-तीन वर्षांत जुनी गाडी घेतलेल्या पोरांचे मला जेवढे फोन आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे होते. इंजिन खोललं, बोअर केला (म्हणजे सिलेंडरचं भोक कापून मोठं केलं), नवीन पिस्टन-रिंगा टाकल्या, गाडी मस्त चालू झाली आणि पाचशे-हजार किलोमीटरात खालून खडखड सुरू, नाहीतर ऑइलचं प्रेशर गायब. मग सगळे शेवटी बांधलं कुणी त्यालाच शिव्या घालतात. पण मी बघितलंय त्यात बांधताना फारसं चुकलेलं नसतं, चुकलेलं असतं ते आधीच: खोलताना खुणा केल्या नाहीत, माप घ्यायच्या आधीच सामान विकत घेतलं, किंवा मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक "धुवून दिलाय" म्हणाले म्हणून तसाच वापरला.

मी इथे अ‍ॅम्बॅसेडर मार्क २ मधलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन धरून लिहितोय, म्हणजे बी-सिरीज, तीन मेन बेरिंगवालं (क्रँक ज्यांत फिरतो ती मुख्य बेरिंगं). माझ्या घरच्या गाडीत हेच आहे आणि हाताखालून गेलेली बाकीचीही हीच. फियाटवाल्यांना क्रम तोच लागेल, आकडे मात्र स्वतःच्या मॅन्युअलमधले घ्या.

क्रम एवढाच लक्षात ठेवा: आधी माप, मग माल, मग मशीन.

१. खोलायची खरंच गरज आहे का

धूर येतोय म्हणून लगेच इंजिन उतरवू नका. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन बघा आणि चारही आकडे लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलेंडरमध्ये एक चमचा इंजिन ऑइल घालून परत बघा. ऑइल घातल्यावर प्रेशर चढलं तर रिंगा-बोअर गेलेत, नाही चढलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी दाखवत असतील तर बहुतेक हेड पॅकिंग. उतारावर पाय सोडून परत अ‍ॅक्सिलेटर दिल्यावरच निळा धूर येत असेल तर आधी व्हॉल्व्ह गाईडवर संशय घ्या. अशा वेळी नुसतं हेडचं काम पुरतं, तिथे खालचं उघडून खर्च वाढवायचा काही फायदा नाही.

अजून एक, आणि हे कागदाचं आहे. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या पुढची असेल आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर त्या नियमात चासी, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. त्यामुळे "ब्लॉक बदलून टाकू, स्वस्त पडेल" असं कुणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका, आपला आहे तो ब्लॉक वाचवायचा आधी प्रयत्न करा. इंजिन नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, रंगवताना तो नंबर बुजवू नका.

२. तयारी

यात कंजूषी केली की पुढे ती दुप्पट होऊन अंगावर येते.

पाने इंची लागतात. आपल्याकडे सगळ्यांच्या पेटीत एमएमचे पाने असतात आणि १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, म्हणून लोक वापरतात. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तो पाना ढिला असतो, आणि पन्नास वर्षं जुना नट एकदा गोल झाला की छिन्नी आणि गॅसशिवाय निघत नाही. इंची रिंग पाने आणि गोटी पाने आधी गोळा करा.

टॉर्क पाना हवाच, हाताच्या अंदाजावर बिग एन्ड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) आवळायचं नाही. फिलर गेज, प्लॅस्टिगेज (बेरिंगमधली फट मोजायला दाबायचा प्लॅस्टिकचा धागा), बोअर गेज आणि मायक्रोमीटर पण लागतील, यातले शेवटचे दोन विकत घेणं परवडत नसेल तर मशीन शॉपमध्ये समोर उभं राहून मापं घेऊन घ्या. शिवाय तुमच्या मार्कचं वर्कशॉप मॅन्युअल, झेरॉक्स का असेना. झिपच्या पिशव्या शंभर, परमनंट मार्कर, वही. आणि पत्र्याचं छप्पर असलेली, कुलूप लागणारी जागा, कारण हे काम शनिवार-रविवार करत गेलात तर तीन-चार महिने आरामात जातात आणि तेवढे दिवस खोललेला माल उघड्यावर राहता कामा नये.

सावधान: कॉटन वेस्ट इंजिनाच्या आत वापरू नका. त्याचे धागे सुटतात आणि थेट ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. जुनं धुतलेलं सुती कापड बरं.

३. उतरवताना

बॅटरी काढा, पाणी सोडा, ऑइल सोडा. ऑइल पांढऱ्या भांड्यात सोडा आणि उन्हात नेऊन बघा, पिवळसर चमक दिसली तर कुठलंतरी बेरिंग झिजलंय, ती माहिती पुढे उपयोगी पडते. प्रत्येक वायर, प्रत्येक होस काढायच्या आधी फोटो आणि मग चिठ्ठी, फोटो नुसते असले तर चार महिन्यांनी काहीच कळत नाही.

डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी एक नंबर सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा, रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो घ्या, मग डिस्ट्रिब्युटर काढल्यावर खालच्या ड्राइव्हची खाच कशी आहे त्याचाही घ्या. या खाचेचा फोटो लोक हमखास विसरतात, आणि शेवटी टायमिंग अर्ध्या फेरीने चुकून गाडी नुसती कार्ब्युरेटरमधून फटाके मारते.

चेन ब्लॉक लावायचा तो वरच्या तुळईची खात्री करूनच. गिअरबॉक्ससकट दोनशे किलोच्या आसपास वजन असतं. लटकलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही.

४. खोलताना

या हेडला ११ नट आहेत आणि त्यातले ४ रॉकरचे ब्रॅकेटही धरतात. म्हणून "फक्त रॉकर काढतो" म्हणून तेवढेच चार सोडले तर हेडवर एका बाजूने ताण येतो आणि पाणी खाली उतरतं. पाणी आधी सोडलेलं हवं आणि सगळे ११ नट थोडे थोडे करत, बाहेरून आत असे सैल करा.

पुशरॉड खोक्याच्या पुठ्ठ्यात आठ भोकं पाडून नंबराने खोचा. टॅपेट (कॅमवर बसून पुशरॉड वर ढकलणारे तुकडे) बाजूच्या दोन झाकणांतून निघतात, तेही त्याच नंबराने ठेवा. जो टॅपेट ज्या कॅमवर घासत आलाय तो तिथेच परत जायला हवा, नाहीतर दोन्ही खराब होतात. कॅम नवीन टाकणार असाल तर टॅपेटही नवीनच टाकायचे, जुने टॅपेट नवीन कॅमवर चालत नाहीत.

कनेक्टिंग रॉड या इंजिनात वरून निघतात, बिग एन्ड त्यासाठीच तिरका कापलेला असतो. पण बोअरच्या वरच्या टोकाला कार्बनची आणि झिजेची कडा तयार झालेली असते, ती आधी साफ न करता पिस्टन वर ठोकला तर रिंगा आणि पिस्टनचा काठ तुटतो. पिस्टन टाकूनच द्यायचा असला तरी ठोकू नका, कारण तो हादरा रॉड खातो.

रॉड आणि त्याची कॅप यांचे नंबर बघा, नसतील तर स्वतः घाला, एकाच बाजूला. रॉडचे बिग एन्ड थोडे बाजूला सरकवलेले असतात, सगळे सारखे दिसले तरी सारखे नाहीत. मेन बेरिंगच्या कॅपलाही नंबर आणि पुढची बाजू दाखवणारी खूण.

तपासा: क्रँक काढायच्या आधी तो पुढे-मागे सरकवून किती प्ले आहे ते फिलर गेजने मोजा आणि लिहा. २ ते ३ थाउ असायला हवा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). जास्त असेल तर मधल्या मेन बेरिंगचे थ्रस्ट वॉशर झिजलेत.

५. मापं

इथे दोन दिवस द्या.

बोअरचं मूळ माप ७३.०२५ मिमी. वर, मध्ये, खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांना मोजा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा आडवं. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथे थांबते तिथे आणि आडव्या दिशेला सापडेल. चारही बोअरचे मिळून २४ आकडे वहीत आले की पुढचं मशीनवाल्याशी बोलणं सोपं होतं, नाहीतर तो म्हणेल तेवढं कापून घ्यावं लागतं. आधी कुणी बोअर केलाय का ते पिस्टनच्या डोक्यावर बघा, ०२०, ०३०, ०४० असं काहीतरी कोरलेलं असतं. ४० च्या पुढे गेलं असेल तर स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नवीन नळी) टाकायचा विचार करा.

क्रँकचे जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा, गोलाई गेलीय का आणि एका टोकाला निमुळता झालाय का. नखाला लागणारा ओरखडा असेल तर ग्राइंडिंग आलंच. मेन आणि बिग एन्ड दोन्हीकडे मागचं बेरिंग कुठल्या साईजचं होतं ते शेलच्या (बेरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) पाठीवर वाचा.

हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर आहे का ते बघा. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलेंडरच्या आसपास, पाण्याच्या जागेत गंज आणि गाळ साठून दगडासारखा होतो. वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांत बसवलेली पत्र्याची बुचं) काढल्याशिवाय तो निघत नाही, आणि तो तसाच ठेवून कितीही भारी रेडिएटर बसवलात तरी गाडी घाटात गरम होणारच.

६. माल आधी हातात, मग मशीन

हे बहुतेक जण उलटं करतात. ब्लॉक नेला, ३० थाउ बोअर करून आणला, मग पिस्टन शोधायला निघाले आणि बाजारात २० आणि ४० चेच मिळतायत, ३० चा सेट नाहीच. आता अजून १० कापा! क्रँकचं पण तेच, ग्राइंड करून आणल्यावर त्या साईजचं बेरिंग मिळेना.

म्हणून मापं हातात आली की आधी पिस्टन आणि बेरिंग शोधा. पुण्यात नाना पेठ, नाहीतर कोलकात्याचं मल्लिक बाझार, तिथे अ‍ॅम्बॅसेडरचा माल अजून मिळतो. जुना पडून राहिलेला माल मिळाला तर पिस्टन स्वतः मोजून घ्या, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. मग ते चार पिस्टन मशीन शॉपमध्ये द्या आणि सांगा की या पिस्टनला बोअर करा, पिस्टनवाल्याने दिलेला क्लिअरन्स ठेवा, आणि शेवटचं होनिंग (दगडाने बोअर बारीक घासणं) करून द्या. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम चांगलं करणारे बरेच आहेत, पण तुमचं काम रांगेत असताना एकदा जाऊन मशीनजवळ उभं राहिलात तर काम वेगळंच होतं.

हेडचं सांगायचं तर देशभर शिसं नसलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं आणि या इंजिनाच्या कास्ट आयर्न हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतो ती) त्याच्या आधीच्या पेट्रोलसाठी केलेल्या आहेत. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, गाईड बघून घ्या. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुने रबरी होस आणि पेट्रोल पंपाचा पडदा पण लवकर जातात, तेही याच वेळी बदला.

सावधान: जुन्या पद्धतीचे काही मिस्त्री बेरिंगची कॅप कानसेने घासून किंवा शेलच्या मागे कागद घालून बेरिंग "टाईट" करतात. कुणी कितीही अनुभवाचं सांगितलं तरी हे करू द्यायचं नाही. कॅप एकदा घासली की ते छिद्र परत गोल होत नाही.

७. धुणं (याला वेगळा नंबर मुद्दाम दिलाय)

माझं पहिलं इंजिन ३०० किलोमीटरात गेलं ते इथे. ब्लॉक मशीन शॉपमधून स्वच्छ, चकचकीत, ऑइल लावून आला होता. मी वरून पुसला आणि बांधला. मग प्रेशर पडलं, परत खोललं, बेरिंगच्या मऊ थरात काळे कण रुतून बसलेले आणि क्रँकवर गोल गोल रेघा. मग ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचा (आतून ऑइल वाहायच्या वाटेचा) पितळी प्लग काढला, आत लांब ब्रश घातला आणि बाहेर ओढला तर ब्रशच्या केसांना पेस्ट चिकटून आली, करड्या रंगाची, बोटात चोळली की बारीक वाळूसारखी करकरणारी. होनिंगच्या दगडाची पूड आणि चाळीस वर्षांचा गाळ. ती पूर्ण वेळ आतच होती.

त्यामुळे क्रम असा. गॅलरीचे सगळे प्लग काढा. आधी रॉकेल आणि लांब ब्रशने प्रत्येक भोक, क्रँकची तिरपी भोकंसुद्धा, दोन्ही बाजूंनी. मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण, बोअर हाताने ब्रशने घासायचे, कारण रॉकेलने ही पूड सुटत नाही, साबणानेच सुटते. मग स्वच्छ पाणी, मग हवा. हवा मारताना एका भोकावर बोट ठेवून दुसऱ्यातून जोरात बाहेर येते का बघा. आणि वाळल्या वाळल्या लगेच इंजिन ऑइलचा हात, थांबायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे रात्रीत बोअरवर तांबूस थर येतो.

तपासा: पांढऱ्या कापडाला थोडं ऑइल लावून बोअर पुसा. कापड करडं झालं तर परत साबण. पाच-सहा वेळा धुवावं लागलं तरी धुवा.

प्लग परत बसवायला विसरू नका. एक जरी राहिला तर प्रेशर शून्य.

८. खालचं बांधणं

एका दिवसात बांधून टाकायची घाई नको. सकाळी हात स्वच्छ, जमीन झाडून पाणी मारलेली, पंखा बंद.

मेन बेरिंगचे शेल कोरड्या जागेत बसवा, शेलच्या मागे ऑइल नको, समोर हवं. प्लॅस्टिगेजचा तुकडा ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक अजिबात न फिरवता परत काढा आणि रुंदी बघा. मग ते पुसून, ऑइल लावून कायमचं. थ्रस्ट वॉशरच्या खाचा क्रँककडे तोंड करून, बेरिंगकडे नाही. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा, एका कॅपनंतर जड झाला तर तिथेच थांबा, पुढची आवळू नका.

रिंगा बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट मोजा, ८ ते १३ थाउ. खोक्यातून आलेल्या रिंगा बरोबरच असतात असं धरून चालू नका. तोंडं एका रेषेत ठेवू नका.

माझ्या इंजिनात गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) रॉडला क्लॅम्प बोल्टने आवळलेली आहे. तिथे रॉड व्हाइसमध्ये धरून बोल्ट आवळला तर रॉड वाकतो आणि पिस्टन तिरका चालतो. पिनच्या दोन्ही टोकांना गुटके लावून पिनच धरा. पिनची खाच बोल्टसमोर आली पाहिजे. बोल्टची आणि बिग एन्डची लॉक पट्टी नवीनच.

तपासा: चारही पिस्टन बसल्यावर क्रँक मध्यम जोरात, अडकल्याशिवाय फिरला पाहिजे. कुठे ठरावीक जागी अडकत असेल तर रॉडची दिशा किंवा नंबर चुकलाय.

९. टायमिंग, पंप, ऑइल चेंबर

दोन्ही स्प्रॉकेटच्या खुणा समोरासमोर. स्प्रॉकेट एका पातळीत आहेत का ते स्टीलची पट्टी लावून बघा, फरक असेल तर क्रँकच्या स्प्रॉकेटमागचे शिम बदला. चेनच्या झाकणाचे बोल्ट सैल ठेवा, आधी पुली घाला म्हणजे सील मध्यावर येतं, मग आवळा.

ऑइल पंप बसवायच्या आधी ऑइलने भरा, कोरडा बसवला तर पहिल्या मिनिटात तेल ओढत नाही.

या इंजिनाला मागच्या मेनला रबरी सील नाहीच, क्रँकवरचे आटे ऑइल मागे परत ढकलतात. त्यामुळे मागून थोडं ऑइल येणारच, पण ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदला असेल तर धार लागते. बाजूच्या झाकणावरचा ब्रीदर पाइप साफ करूनच लावा. आणि गळती थांबवायला सिलिकॉन भसाभसा लावू नका, आत दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून जाळीत जातं.

१०. हेड आणि टॅपेट

व्हॉल्व्ह लॅप केल्यावर (पेस्ट लावून सीटवर घासल्यावर) सगळीकडे सारखी, अखंड करडी रेघ दिसली पाहिजे. हेड उलटं ठेवून पेट्रोल जळतं त्या खोलगट चेंबरमध्ये रॉकेल भरा, पंधरा मिनिटांत पोर्टमध्ये ओल आली तर परत. लॅपिंग पेस्टचा कणही राहता कामा नये.

हेड पॅकिंगवर वरची आणि पुढची बाजू लिहिलेली असते, ती बघा. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. रॉकर शाफ्टला ऑइल एका ठरावीक ब्रॅकेटमधून येतं, ब्रॅकेटची अदलाबदल झाली तर वरचं सगळं कोरडं राहतं आणि ते कळेपर्यंत शाफ्ट खराब झालेला असतो.

टॅपेटला नऊचा हिशोब वापरा. पुढून १ ते ८ नंबर धरा. ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना १ नंबरचा लावायचा, ७ दाबलेला असताना २ चा, बेरीज नेहमी नऊ. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट १५ थाउ, तरी मॅन्युअल बघून घ्या.

११. पहिलं स्टार्ट

प्लग काढून ठेवा, ऑइल भरा, आधी हँडल घालून हाताने दहा-बारा फेऱ्या द्या. मग सेल्फ मारा, थोडा थोडा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. दिसलं नाही तर प्लग लावायचेच नाहीत, कारण शोधा. रॉकर कव्हर उघडं ठेवून वर ऑइल पोचतंय हे डोळ्यांनी बघा.

मग प्लग, वायरी १-३-४-२ अशा, डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरतो. पाणी भरलेलं, आग विझवायचं सिलेंडर शेजारी, एक माणूस गेजवर, एक किल्लीवर.

चालू झालं की आयडलला सोडू नका, विशेषतः नवीन कॅम असेल तर. १५०० ते २००० आरपीएमच्या मध्ये वीस मिनिटं, थोडं वर-खाली करत, कारण कॅमवर ऑइल क्रँकच्या शिंतोड्यांनी उडतं आणि आयडलला ते पुरत नाही. पाण्याचा काटा वर गेला तर बंद करा, गार होऊ द्या, परत करा. वीस मिनिटं एका दमात झाली पाहिजेत असं काही नाही.

१२. पहिले हजार किलोमीटर

साधं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, सिंथेटिक नको, रिंगा बसत नाहीत. पन्नास किलोमीटरवर पहिलं ऑइल आणि फिल्टर बदला, ते ऑइल परत पांढऱ्या भांड्यात बघा, थोडी करडी झाक चालते, पिवळे चमकते कण चालत नाहीत. एकाच स्पीडला ताणून नेऊ नका, चढाला थोडा भार द्या, परत सोडा. नुसतं हळू हळू चालवत बसलात तर रिंगा बसत नाहीत आणि बोअर गुळगुळीत होऊन ऑइल खायला लागतो.

पाचशेला इंजिन पूर्ण गार असताना हेडचे ११ नट परत टॉर्कला बघा, आणि त्यानंतर टॅपेट परत लावा, कारण हेड थोडं जरी खाली बसलं तरी फट बदलते. हजारला परत ऑइल-फिल्टर, आणि त्या दिवशी पुन्हा एकदा कॉम्प्रेशनचे चार आकडे घेऊन वहीत पहिल्या पानावरच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.